डावीकडून झिजलेली स्क्विजी

माझा हात गेला, ही बातमी चाळीत सगळ्यात शेवटी मला कळली. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. खाली वाण्याकडे साखर आणायला गेले, तर लग्नपत्रिका छापून घेणारं आमचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "वाईट झालं हो ताई. चांगला हात होता तुमचा." होता! साखर तिथेच टाकून मी कारखान्यात गेले.

कारखाना म्हणजे करी रोडच्या आमच्या चाळीतली तळमजल्याची खोली. आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर, बरोबर तिच्या डोक्यावर. सासरे मिलच्या प्रिंटिंग खात्यात होते. मिल बंद पडल्यावर तिथलं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी सागवानी फळ्या उचलल्या आणि स्वतः रंधा मारून लांबलचक टेबल केलं. त्यावर जाड घोंगडी, घोंगडीवर मेणकापड, आणि वर कपडा किंवा कागद. उरलेलं आयुष्य त्यांनी त्या टेबलावर स्क्रीन प्रिंटिंग केलं आणि त्यांच्यानंतर ते मी केलं. दिराने नाही. तो गिऱ्हाईक आणायचा, माल पोचवायचा, गोड बोलायचा. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या लालबाग-परळात कोणी सापडायचा नाही.

त्या दिवशी तोच टेबलाशी उभा होता, माझ्या जागेवर. मी विचारलं, "माझा हात गेला असं कोणी सांगितलं रे लोकांना?"

"वहिनी, तू कशाला टेन्शन घेतेस? आता आराम कर. मी बघतो ना सगळं."

"मी विचारलं काय, तू सांगतोस काय?"

"अगं, लोक विचारतात. डॉक्टर म्हणाला ना, मनगट पूर्ण फिरणार नाही. मी काय खोटं बोललो?"

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दहावीत होता. ह्याचे डबे मी भरले, ह्याचे शर्ट मी धुतले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खोली वाटण्यांमध्ये त्याच्या नावावर गेली होती आणि राहती जागा आमच्या. तेव्हा कोणी विचार केला नव्हता, कारण टेबल माझं आहे हे सगळ्यांना माहीतच होतं. माहीत असलेली गोष्ट कागदावर कोण लिहितो?

आता ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं, नाहीतर मनगटाची ही भानगड कळायची नाही.

स्क्विजी म्हणजे लाकडाची रुंद मूठ आणि तिच्या खाचेत बसवलेली रबराची पट्टी. खिडकीच्या काचा पुसायला असते ना, तिची ही थोरली बहीण. चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. जे छापायचं नाही तिथली जाळी बुजवलेली, जे छापायचं ते उघडं. जाळीवर एका टोकाला शाई ओतायची आणि स्क्विजी तिरकी धरून आपल्याकडे ओढत आणायची. एवढंच. जाळी कपड्याला चिकटलेली नसते, अगदी थोडी वर असते. रबर जिथून जातं तिथेच फक्त ती खाली टेकते, शाई सोडते, आणि रबर पुढे गेलं की मागे टुणकन वर उठते. ती अशी उठली तरच छपाई स्वच्छ. शिकाऊ माणसाला वाटतं, जोर लावला की जास्त शाई उतरेल. तसं होत नाही. जास्त दाबलं की रबर वाकतं, आडवं पडतं, शाई जाळीखालून बाजूला पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात.

सासरे म्हणायचे, "दाबू नकोस गं. ओढ." आणि ओढायचं मनगटाने नसतंच. मनगट घट्ट ठेवायचं, कोपरही हलवायचं नाही. खांदे आणि कंबर मागे न्यायची, आख्खं अंग मागे जातं आणि त्याबरोबर स्क्विजी येते. मनगट फिरवणारा माणूस मध्येच कोन बदलतो आणि ओळ अर्धी गडद, अर्धी फिकी येते. म्हणजे माझं मनगट फिरत नव्हतं हे एका अर्थी बरंच झालं होतं. दिराला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो लोकांशी हाताबद्दल बोलला, टेबलापाशी नेऊन कोणाला दाखवलं नाही.

मी भांडले. शिव्या दिल्या. चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या इतक्या दिल्या. नवरा परळच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी येतो, त्याला घरात शांतता लागते. तो म्हणाला, "भावाभावांत वाद नको." मी म्हटलं, वाद भावाभावांत नाहीच आहे, माझ्यात आणि त्याच्यात आहे. तू जेव आणि झोप. तो बिचारा जेवला आणि झोपला.

शेवटी मी माझं सामान घ्यायला खाली गेले. दीर दारात आडवा. "दुकानाचं सामान दुकानात राहू दे, वहिनी." माझा ॲप्रन आणि चष्मा तेवढा त्याने दिला. समोर खुंटीवर माझी मोठी स्क्विजी लटकत होती, शर्टाच्या पाठीवरची मोठी छपाई करायची ती. हात लांब केला असता तर आली असती, त्याची अडवायची छाती नव्हती. मी हात लांब करणारच होते. आणि थांबले.

मी डावखुरी आहे. स्क्विजी दोन्ही हातांनी धरतात, पण माझा जोर पहिल्यापासून डावीकडे जास्त पडतो. सासऱ्यांनी सुरुवातीला तो मोडायचा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. रबर डावीकडून झिजत गेलं. घासकागदावर धार लावताना त्यांनी तो उतार मुद्दाम तसाच ठेवला, म्हणाले, "तुझ्या हाताला हीच सरळ आहे." नंतर मीही तशीच धार लावत आले. नुसत्या डोळ्यांना तो उतार दिसत नाही. पट्टी उजेडासमोर काचेवर धरली तरच दिसतो, आणि दिराने जन्मात कधी रबर उजेडाला धरलं नव्हतं. म्हणून आमच्याकडे नियम होता, दुसऱ्याच्या स्क्विजीला हात लावायचा नाही. सासऱ्यांची वेगळी, माझी वेगळी. दीर हा नियम आमच्या मागे चेष्टेत सांगायचा, जसा काही म्हाताऱ्याचा सोवळेपणा.

तर मी ती खुंटीवर राहू दिली. उलट जाताना म्हटलं, "मोठी आहे ती जप हं. तिच्याइतकी छान छपाई दुसरी कुठली देत नाही." तो खूश झाला. मी जिना चढताना हसत होते. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

वडाळ्याला एका ओळखीच्या बाईंचं टी-शर्ट छापायचं युनिट होतं. मी तिथे लागले. काम चांगलं, बाई चांगली, टेबल लोखंडी. लोखंडी टेबलाशी माझं कधी जमलं नाही. सागवान थोडं लवतं, अंग मागे नेताना ते तुमच्याबरोबर असतं. सासऱ्यांनी मला उभं राहायला शिकवलं ते त्या टेबलापाशी, कडेला माझ्या पोटाच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालं होतं तिथे. मला दिराचं वाटोळं झालेलं हवं होतं हे खरंच आहे, लपवत नाही. पण ते झाल्यावर मला परत त्या टेबलाशी उभं राहायचं होतं. रोज वडाळ्याहून परतताना मी त्या खोलीच्या दारावरून जायचे आणि मान वळवायची नाही असं ठरवून दर वेळी वळवायचे.

आणि घरी बसून ऐकायचे. आमच्या जमिनीतून खालचं सगळं ऐकू येतं. स्क्विजी नीट ओढली की आवाज एकसारखा येतो, सुपातून तांदूळ घसरावे तसा. दिराची ओढ सुरू झाली की आधी नीट, मग किर्र, मग मध्येच थांबा, मग परत किर्र. दाबतोय. मेल्या, दाबतोयस, मी पोळ्या लाटत मनात म्हणायचे. दाब अजून. छोटी कामं त्याने सासऱ्यांच्या स्क्विजीने निभावली, पत्रिका, पिशव्या, असलं काही. त्यांचं रबर सरळ होतं. मी मोठ्या कामाची वाट बघत होते. देवळात जाणारी असते तर नवसही बोलले असते.

मग एप्रिल आला. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीचं लेझीम पथक असतं. पथकाचे निळे टी-शर्ट दर वर्षी आमच्याच टेबलावर छापले गेले, सासऱ्यांच्या काळापासून. पाठीवर मोठं चक्र आणि त्याखाली मंडळाचं नाव, पांढऱ्या शाईत. निळ्यावर पांढरं हे सगळ्यात अवघड. पांढरी शाई जाड असते, ती एकसारखी बसली नाही की खालचा निळा डोकावतो आणि आख्खा शर्ट मळका दिसतो. ऑर्डर दिराला मिळाली. मंडळाची सेक्रेटरी आमच्याच चाळीतली मुलगी, बँकेत आहे. जिन्यात भेटली तेव्हा ओशाळून म्हणाली, "काकी, तुमचा हात बरा असता तर..." मी म्हटलं, "असू दे गं."

दोन दिवस मी खालचा आवाज ऐकला. किर्र, किर्र, आणि मध्ये शिव्या. तिसऱ्या दिवशी रविवार होता, मी घरी. दुपारी दारात दीर. केस विस्कटलेले, हाताला पांढरी शाई, खांद्यावर निळे शर्ट.

"वहिनी, बघ ना जरा. काय होतंय तेच कळत नाहीये."

मी शर्ट पसरला. चक्राचे डावीकडचे आरे फिके, उजवीकडचे एकमेकांना चिकटलेले. मंडळाच्या नावाचं पहिलं अक्षर पुसट, शेवटचं फुगून बसलेलं. माझ्या रबराने त्याची अगदी मला हवी तशी फजिती केली होती.

"जाळी बदलली, शाई बदलली," तो सांगत होता. "दुकानदाराला पण शिव्या घालून आलो. आणि स्क्विजी तर तुझीच वापरतोय, तरी असं!"

मला हसू आवरेना. मी पाणी प्यायले.

"डावीकडे फिकं येतंय म्हणून जोर लावलास?"

"मग काय करणार? लावला."

"मला कसं कळणार रे," मी म्हटलं. "माझा तर हात गेलाय."

त्याने खांद्यावरचे शर्ट खाली ठेवले. नवरा कॉटवर पेपर वाचत होता, त्याने पेपर अजून वर धरला.

"वहिनी, मंडळाचे लोक खाली बसलेत. सॅम्पल बघायला आलेत. प्लीज. तू एकदा ये."

मी म्हटलं, येते. पण ज्या तोंडाने हात गेला सांगितलंस, त्याच तोंडाने, सगळ्यांसमोर, तो धड आहे म्हणून सांगायचं. मग मी स्क्विजीला हात लावीन. तो "सांगतो, सांगतो" म्हणाला. असली वचनं तो दिवसाला दहा देतो, म्हणून मी त्याच्या पुढे जिना उतरले.

खोलीत सेक्रेटरी, पथकाची दोन-तीन माणसं, आणि दारात नेहमीचे बघे. रविवारची दुपार, कोणाला काम नाही. मी टेबलाच्या कडेला माझ्या जागेवर उभी राहिले. पोटाला लाकूड लागलं. तेवढ्यावर मला रडू आलं असतं, पण मी त्या दिवशी रडायला आलेच नव्हते.

"बोल," मी दिराला म्हटलं.

"वहिनीचा हात तसा बरा आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"दारातल्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते त्याचे. "वहिनीचा हात चांगला आहे. मीच बोललो होतो गेला म्हणून. चुकीचं बोललो."

काय बरं वाटलं म्हणून सांगू. कोणी म्हणतं सूड घेऊन समाधान मिळत नाही. ज्यांनी घेतला नाही ते म्हणत असतील. मला भरपूर मिळालं.

मग मी तीच जाळी, तीच शाई, तीच माझी स्क्विजी घेतली. नवा शर्ट बसवला. शाई आधी न दाबता जाळीभर पसरून घेतली, कोन धरला आणि अंग मागे नेलं. सुपातून तांदूळ घसरले. पांढरी शाई निळ्यावर अशी बसली की चक्राचा एकेक आरा मोजून घ्यावा. सेक्रेटरीने शर्ट उचलला आणि शेजारी दिराचे ठेवले. दारातले बघे वाकून दोन्ही बघायला लागले.

"हां, आता झालं," दीर म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "वहिनी, आता एवढे कर, बाकीचे मी तुझं बघून..."

मी स्क्विजी धुतली, पुसली, काखेत मारली. "एका ऑर्डरला एकच हात. तुझ्या वडिलांचा नियम आहे. ऑर्डर तुझी, हात तुझा. तूच कर."

"अगं पण..."

"आणि ही माझी आहे. दुकानाची नाही."

मी बाहेर पडले. मागे काय होणार ते मला माहीत होतं. एकदा तो शर्ट बघितल्यावर मंडळ त्याचे घेणारच नव्हतं, आणि दोन हातांचे मिसळून चालत नाहीत, मिरवणुकीत एकापुढे एक पाठी दिसतात. संध्याकाळी सेक्रेटरी वर आली. शर्ट वडाळ्याला छापले गेले, माझ्या हाताने, सगळे. मिरवणुकीत मी फुटपाथवर उभी राहून पाठी बघत होते. आजूबाजूच्या बायका लेझीम बघत होत्या.

रबराचा उतार मी दिराला आजपर्यंत सांगितलेला नाही. सांगणारही नाही.

त्यानंतर त्याचं काम गळत गेलं. खरं बोलायचं तर मी गळवलं. जुन्या गिऱ्हाइकांना मी स्वतः जाऊन भेटले, दादरच्या पत्रिकावाल्यांपासून कोळीवाड्याच्या होडीवाल्यांपर्यंत, त्यांच्या संघाच्या पिशव्या आम्हीच छापायचो. हात दाखवला, मनगट फिरत नाही तेही दाखवलं, आणि छापलेलं कापड समोर ठेवलं. वर मानभावीपणे म्हणायचेसुद्धा: "अहो, घरच्या माणसाबद्दल काय बोलणार? तुम्हीच बघा." पावसाळा संपेपर्यंत खालचा आवाज बंद झाला होता. दीर खोली कुरियरवाल्याला भाड्याने देणार असं कळलं.

आता टेबल. त्याला काय करायचंय ते? कुरियरवाल्याला तर नकोच. वडाळ्याच्या बाईंशी मी बोलून ठेवलं, एक कोपरा रिकामा करवला. नवऱ्याला म्हटलं, तू माग, तू भाऊ आहेस. सांगेल तो भाव देऊ. तो जाऊन आला. म्हणाला, "विचार करतो म्हणाला. रविवारपर्यंत सांगतो म्हणाला. गोड बोलला अगदी." ते ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी वडाळ्याला जाऊन त्या कोपऱ्याचं माप घेऊन आले.

शनिवारी कामावरून परतले तर गल्लीत भुशाचा वास. खोलीच्या दारात दोन माणसं करवत घेऊन बसली होती. टेबलाचे तुकडे झाले होते, चुलीत घालायच्या लाकडांएवढे, आणि एकावर एक हातगाडीत रचले जात होते. माझ्या जागेची ती गुळगुळीत कड मला वरच दिसली. ती त्यांनी मधोमध कापली होती.

दीर खुर्ची टाकून दारात बसला होता. भंगारवाल्याने त्याला माझ्यापेक्षा जास्त दिलं असेल हे शक्यच नव्हतं. त्याने लाकडाकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, एकटक, एवढ्या आशेने बघत होता की मला ती नजर ओळखीची वाटली. त्याची फजिती बघायला त्या रविवारी तीच नजर घेऊन मी जिना उतरले होते. सासऱ्यांनी आम्हा दोघांनाही एकाच ताटातलं खाऊ घातलं होतं. त्याच्या जागी मी असते, तर करवत मीच आणली असती.

मी तोंड सरळ ठेवलं. "भुसा झाडून घे हं, जिन्यात येतो," एवढं म्हटलं आणि आख्खा जिना नेहमीच्या चालीने चढले. दार लावून घेतलं. आतून कडी घातली, तिथेच उंबऱ्याशी बसले, आणि नवऱ्याने काय झालं विचारलं तेव्हा मला त्याच्या भावाला दोष देता येईना, आणि सासऱ्यांचं नाव घ्यायला तोंड उरलं नव्हतं.